भिंतीतली वीट कोणी विकली?

घर बांधण्याचे दोन मार्ग आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आले आहेत. पहिला असा की, घरधन्याने स्वतः भट्टीवरून विटा आणाव्या, वाळू आणि चुना जमवावा, वखारीतून लाकूड निवडून घ्यावे, आणि गवंडी-सुतारांना रोजंदारीवर कामास लावावे. दुसरा असा की, सारे काम एका माणसावर सोपवावे, ठरलेली रक्कम त्याला द्यावी आणि तयार घराची किल्ली हाती घ्यावी. या माणसाला मुंबई-पुण्याकडे कंत्राटदार म्हणतात, नागपूर-इंदूरकडे ठेकेदार म्हणतात, आणि जुन्या निजामी मुलखात गुत्तेदार म्हणतात. नाव कोणतेही असो, काम एकच.

श्रोतेहो, पहिल्या मार्गाने गेलेल्या घरधन्याला विटा कोणी विकल्या असे विचारले, तर तो भट्टीवाल्याचे नाव सांगेल. परंतु दुसऱ्या मार्गाने गेलेल्याला ‘गुत्तेदाराने तुम्हांला किती विटा विकल्या?’ असे विचारले, तर तो बुचकळ्यात पडेल. ‘विटा कसल्या? मी तर घर बांधून घेतले,’ असेच तो म्हणेल. वरवर पाहता हा केवळ शब्दांचा खेळ वाटतो. पण याच प्रश्नाच्या उत्तरावर कोट्यवधी रुपयांचा विक्रीकर अवलंबून होता. त्यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले, सर्वोच्च न्यायालयाला अनेकदा निकाल द्यावे लागले, आणि अखेरीस भारताच्या राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. त्या वादाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

बांधकामाच्या सामानावर कर बसवावयाचा म्हटले की सामानाची व्याख्या करावी लागते, आणि व्याख्या केली की वाद उपस्थित होतो, हा अनुभव जुना आहे. इंग्लंडात १७८४ साली धाकट्या पिटच्या कारकीर्दीत विटांवर कर बसला. दर हजार विटांना अडीच शिलिंग असा तो दर होता. कर नगावर असल्यामुळे काही वीटवाल्यांनी नगच मोठे केले! मेशम गावच्या जोसेफ विल्क्सच्या भट्टीतून निघालेल्या जाडजूड विटा अद्यापही तेथील भिंतींत दिसतात. मग सरकारने ठराविक घनफळाहून मोठ्या विटेवर जादा कर बसविला, आणि वीट पुन्हा आपल्या मूळ मापावर आली. १८५० साली तो कर उठला. मात्र त्या कराच्या बाबतीत एक सोय होती. वीट भट्टीवर असतानाच तिच्यावर कर बसत असे, त्यामुळे वीट म्हणजे वीटच, याविषयी कोणाला शंका नव्हती. आपल्याकडचा वाद वीट भिंतीत बसल्यानंतरचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक सूक्ष्म आहे.

विक्रीकर हा आपल्या देशात तसा अलीकडचा कर. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्टने प्रांतांना काही कर बसविण्याचा अधिकार दिला. त्यांच्या यादीत ४८ व्या क्रमांकावर मालाच्या विक्रीवरील कर होता. उत्पादनावरील शुल्क मात्र केंद्राकडे राहिले. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला, आणि लगेच प्रश्न निघाला की हा विक्रीकर आहे की नाव बदललेले उत्पादनशुल्क आहे? त्या वेळी नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे तो प्रश्न गेला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्यासमवेत त्या पीठावर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. कोर्टाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. पाठोपाठ १९३९ साली राजगोपालाचारींच्या मद्रास सरकारने सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. दारूबंदीमुळे अबकारीचे उत्पन्न बुडणार होते, ती तूट भरून काढणे हा त्यातील एक प्रमुख हेतू होता. पुढे एकामागून एक प्रांत या वाटेने गेले, आणि विक्रीकर हा प्रांतांच्या तिजोरीचा मुख्य आधार होऊन बसला.

महायुद्ध संपले. इमारती, पूल, धरणे, कारखाने यांची कामे निघू लागली. सिमेंट, पोलाद, विटा यांची प्रचंड उलाढाल होऊ लागली. त्यांतील मोठा भाग कंत्राटदारांच्या हातून जात होता, आणि त्यांच्या बिलांवर मात्र विक्रीकर नव्हता. तेव्हा १९४७ साली मद्रासने आपल्या कायद्यातील ‘विक्री’ या शब्दाची व्याख्याच वाढविली. कार्यकंत्राट पार पाडताना जो माल कामात जातो त्याची मालकी बदलणे, म्हणजेही विक्रीच, असे त्यात घातले. त्याच वर्षीच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यातही असेच कलम होते. इमारत, रस्ता, पूल यांचे बांधकाम आणि दुरुस्ती त्याच्या कक्षेत आली. पण कंत्राट तर एकरकमी. त्यात माल किती आणि मजुरी किती, हे ठरवावयाचे कसे? मद्रासने त्यावर ठोकळ तोड काढली. इमारतीच्या कंत्राटाच्या रकमेतून मजुरीबद्दल जास्तीत जास्त शेकडा ३० वजा करावेत, आणि उरलेली सारी रक्कम मालाची किंमत समजावी!

या कराविरुद्ध जो खटला पुढे प्रसिद्धीस आला तो गॅनन डंकर्ले या बांधकाम कंपनीचा. १९४९-५० सालच्या तिच्या उलाढालीवर मद्रासच्या अधिकाऱ्यांनी कर आकारला. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही विटा, सिमेंट, सळया विकत नाही, आम्ही इमारत बांधून देतो. सरकारचे म्हणणे असे की, कालपर्यंत ज्या विटा तुमच्या मालकीच्या होत्या त्या आज दुसऱ्याच्या झाल्या, आणि तुम्हांला पैसे मिळाले. मग याला विक्री म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? दोन्ही म्हणणी ऐकताना खरीच वाटतात, हीच या वादाची गंमत. १९५४ साली मद्रास उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, तर नागपूर उच्च न्यायालयाने मध्यप्रांतातील ठेकेदारांच्या प्रकरणात नेमका उलट निर्णय दिला. अर्थात प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

१ एप्रिल १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती टी. एल. वेंकटराम अय्यर यांनी. हे गृहस्थ कायद्याइतकेच कर्नाटक संगीताचेही मान्यताप्राप्त जाणकार होते, आणि एकेक स्वर वेगळा काढून दाखवावा तशी त्यांनी विक्रीची अंगे वेगळी काढून दाखविली. विक्री होण्यास तीन गोष्टी लागतात. त्याच मालाच्या खरेदी-विक्रीचा करार, पैशातील मोबदला, आणि त्या करारान्वये मालाची मालकी बदलणे. इमारतीच्या कंत्राटात करार असतो तो इमारतीचा. विटेचा स्वतंत्र करार नसतो. मालकी बदलते हे खरे, पण ती विटेची वीट म्हणून बदलत नाही. वीट भिंतीत बसली की ती जंगम राहत नाही, जमिनीला जडून स्थावर होते, आणि जमीन ज्याची त्याची होते. शिवाय, १९३५ च्या कायद्यात ‘मालाची विक्री’ हे शब्द आले तेव्हा १९३० च्या मालविक्री कायद्याने त्यांना ठरीव अर्थ दिलेला होता. प्रांतांना अधिकार मिळाला तो त्या अर्थाने. जे विक्री नाही त्याला विक्री असे नाव देऊन तो अधिकार वाढविता येत नाही. नागपूरकडील ठेकेदारांचे प्रकरणही मग याच न्यायाने निकालात निघाले.

या निकालात एक फट राहिली होती, आणि न्यायालयाने ती झाकून ठेविली नव्हती. माल पुरविण्याचा एक करार आणि मजुरीचा दुसरा करार, असे दोन निरनिराळे करार असतील, तर पहिल्यावर कर बसू शकत होता. दुसरी गोष्ट दिल्लीची. दिल्लीसाठी कायदा करण्याचा संसदेचा अधिकार राज्यांच्या यादीपुरता मर्यादित नव्हता. त्यामुळे तेथे असाच कर वैध असल्याचे न्यायालयाने त्याच वर्षी ठरविले. म्हणजे एकच वीट, एकाच पद्धतीने भिंतीत बसविलेली. दिल्लीत तिच्यावर कर होता, मद्रासला आणि नागपूरला नव्हता!

येथे थोडे विषयांतर करून अकोल्याचा एक खटला सांगितला पाहिजे. विड्याची पाने ही भाजी आहे काय, हा त्यातील प्रश्न. भाजीवर विक्रीकर नव्हता. आणि पाने वनस्पतीची असल्यामुळे ती भाजीतच मोडतात, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करकायद्यातील शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात पाहावयाचा नसतो, बाजारात पाहावयाचा असतो. मंडईत भाजी आणावयास गेलेला कोणी विड्याची पाने घेऊन परतत नाही. हा निकाल कोणाही गृहिणीला पटेल. पण मग विटेच्या बाबतीत न्यायालयाने बाजाराचा अर्थ सोडून कायद्याचा काटेकोर अर्थ का धरला? याचे उत्तर असे की, अकोल्याचा प्रश्न वस्तूच्या नावाचा होता आणि मद्रासचा प्रश्न राज्याच्या अधिकाराचा होता. नाव बाजार देतो; अधिकार मात्र घटनाच देते.

१९५८ च्या निकालानंतर कंत्राटदारांना आणि कारखानदारांना नवी वाट सापडली. आपले काम विक्री नसून कार्यकंत्राट आहे, एवढे सिद्ध केले की कर टळत असे. त्यामुळे पुढील वीस वर्षे न्यायालयांपुढे इमारतीचे एकेक अवयव येऊ लागले. राजस्थानात पोलादी खिडक्या तयार करून बसविण्याचा प्रश्न आला. १९६९ साली ते कार्यकंत्राट ठरले. महाराष्ट्रातून दुकानांना लावावयाच्या गुंडाळत्या लोखंडी दारांचे, म्हणजे शटरचे प्रकरण गेले. १९७८ साली न्यायालयाने ठरविले की, शटर हे दुकानाच्या दर्शनी भागी बसविले जाते तेव्हाच शटर म्हणून पुरे होते. त्यापूर्वी ते नुसते सुटे भाग. तेव्हा तेही कार्यकंत्राटच. कारखान्यातून गाडीभर पत्रे, दांडे आणि कमानी निघत होत्या, त्यांची किंमत वसूल होत होती, आणि राज्याच्या हाती काही लागत नव्हते.

राज्यांची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. लहान गावातला माणूस चार पोती सिमेंट आणि दोन गाड्या विटा विकत घेई तेव्हा कर भरी. मोठी कंपनी कोट्यवधींची इमारत बांधून घेई तेव्हा त्या कंत्राटावर विक्रीकर नसे. उलटपक्षी कंत्राटदार म्हणत की, आम्हीही सिमेंट आणि पोलाद घेताना कर भरलेलाच असतो. तोच माल भिंतीत गेल्यावर पुन्हा कर कशासाठी? विधी आयोगाने १९७४ च्या आपल्या एकसष्टाव्या अहवालात या साऱ्याचा विचार केला आणि घटनादुरुस्तीचा मार्ग सुचविला. हॉटेलांतील जेवणाविषयीही असेच निकाल लागले होते. शेवटी संसदेने सेहेचाळिसावी घटनादुरुस्ती केली, आणि २ फेब्रुवारी १९८३ पासून ती अमलात आली. कार्यकंत्राटात गेलेल्या मालाची मालकी, तो माल मूळ रूपात असो वा अन्य रूपात असो, बदलली की ती विक्री मानावी, असे आता खुद्द घटनेतच लिहिले गेले. ‘अन्य रूपात’ या दोन शब्दांनी भिंतीतली वीट पुन्हा वीट झाली.

यानंतर वाद मिटावयास हवा होता. प्रत्यक्षात तो फक्त पुढच्या मजल्यावर गेला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली, पण इतर विक्रीवर घटनेने घातलेली बंधने या मानीव विक्रीलाही लागू राहतील, असे बजावले. तीन वर्षांनी, १९९२ साली, गॅनन डंकर्लेचेच नाव पुन्हा एका मोठ्या निकालाला लागले; या वेळी राजस्थान सरकारविरुद्ध. कर बसावयाचा तो माल कामात जातेवेळी त्याची जी किंमत असेल तिच्यावर, असे ठरले. कंत्राटाच्या रकमेतून काय काय वजा करावयाचे याची यादीच न्यायालयाने दिली. मजुरी, आराखडा आणि वास्तुविशारदाचे शुल्क, यंत्रांचे भाडे, पाणी-वीज-इंधन यांचा खर्च, आणि मजुरीच्या भागावरचा नफा हेही त्या यादीत होते. मद्रासच्या त्या ठोकळ तीस टक्क्यांपासून कायदा किती दूर आला होता, ते येथे दिसते.

तोवर घर बांधण्याचा एक तिसराच मार्ग रूढ झाला होता. इमारत पुरी होण्यापूर्वीच बिल्डरशी करार करून सदनिका घेण्याचा. येथे घेणारा म्हणतो, मी घर विकत घेतले, म्हणजे स्थावर. कर खाते म्हणते, तुमचा करार झाला तेव्हा भिंत उभी नव्हती. म्हणजे ती तुमच्यासाठीच बांधली गेली. २००५ साली कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खात्याचे म्हणणे मान्य केले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने आपला मूल्यवर्धित कराचा कायदा त्यानुसार दुरुस्त केला. बिल्डरांच्या संघटना न्यायालयात गेल्या, वर्षे लोटली, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा पुण्या-मुंबईतील असंख्य कुटुंबांच्या हाती नोटिसा पडल्या. २० जून २००६ ते ३१ मार्च २०१० या काळात करार केलेल्यांकडे बिल्डर जुन्या घराचा कर मागू लागले. घर घेऊन, कर्जाचे हप्ते सुरू होऊन, मुले त्या घरातून शाळेत जाऊ लागल्यावर ही मागणी आली. त्या घरधन्यांना मद्रासचा खटला ठाऊक नव्हता, वेंकटराम अय्यर ठाऊक नव्हते. भिंतीतली वीट आपल्याला कोणी विकली, हा प्रश्न आपल्या दारावर थाप मारील, असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. २६ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कर कायम केला. मात्र सदनिकेचा करार झाल्यानंतर जो माल कामात गेला त्याच्यावरच तो बसू शकतो, असे स्पष्ट केले.

मग उद्वाहकाचा, म्हणजे लिफ्टचा प्रश्न. आंध्र प्रदेशातून आलेल्या प्रकरणात २००५ साली लिफ्ट बसविणे ही सरळ विक्री ठरली होती. २०१४ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने तो निकाल फिरविला आणि ते कार्यकंत्राट आहे असे सांगितले. येथे एक पालट ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७८ साली कार्यकंत्राट ठरणे म्हणजे करातून सुटणे होते. २०१४ साली त्याचा अर्थ फक्त मजुरीची वजावट मिळणे एवढाच उरला होता. शब्द तोच, पण त्याची किंमत बदलली होती. २०१५ साली हैदराबादच्या उत्पादनशुल्क आयुक्तांशी झालेल्या वादात काँक्रीटचीही पाळी आली. बांधकामाच्या जागीच कालविलेल्या काँक्रीटला १९९७ च्या अधिसूचनेने शुल्कमाफी होती. कंपनीने जागेवरच संयंत्र उभारून यांत्रिक पद्धतीने तयार काँक्रीट काढले. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी दोन्हीकडे असले, तरी ही दोन उत्पादने भिन्न आहेत आणि माफी फक्त साध्या मिश्रणाला आहे, असा निर्णय झाला.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, आणि स्थावराचे कार्यकंत्राट ही सेवा समजावी असे कायद्याने सांगून टाकले. माल आणि मजुरी वेगळी काढण्याची यातायात बरीचशी संपली. सिमेंटवर तेव्हा बसलेला २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. पण वर्गीकरणाचा वाद संपला काय? ओडिशातील एका व्यापारी संकुलाच्या मालकांनी विचारले की, भाड्याने द्यावयाच्या इमारतीच्या सामानावर भरलेल्या कराची वजावट आम्हांला का नाही? कायद्यात वजावटीसाठी ‘संयंत्र किंवा यंत्रसामग्री’ असे शब्द होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने सांगितले की, एखादी इमारतही तिच्या उपयोगावरून ‘संयंत्र’ ठरू शकेल. ते प्रत्येक प्रकरणी तपासावे लागेल. संसदेने २०२५ च्या वित्त कायद्याने ‘किंवा’ काढून ‘आणि’ घातले, आणि तेही १ जुलै २०१७ पासून! ‘संयंत्र आणि यंत्रसामग्री’ या जोडशब्दांच्या व्याख्येतून इमारती आधीच वगळलेल्या आहेत. एका उभयान्वयी अव्ययाने सर्वोच्च न्यायालयाने उघडलेले दार बंद झाले.

या साऱ्या इतिहासाकडे पाहताना कोणाला वाटेल की, हा वकिलांचा कीस काढण्याचा उद्योग आहे. तसे मानणे अन्यायाचे होईल. राज्याला शाळा चालवावयाच्या असतात, रस्ते बांधावयाचे असतात. त्याला कर हवाच. पण कर घेण्याचा अधिकार शब्दांच्या मर्यादेत राहावा, जे विक्री नाही त्याला विक्री म्हणून सरकारने हात घालू नये, हे १९५८ सालच्या न्यायालयाने सांगितले, आणि राज्याला खरोखरीच तो अधिकार हवा असेल तर त्याने घटनेच्या राजमार्गाने तो मिळवावा, हा मार्ग १९८३ साली अनुसरला गेला. लोकशाहीत हे असेच व्हावयास हवे. खटकते ती गोष्ट निराळी आहे. शब्दाचा अर्थ ठरावयास वर्षे लागतात, आणि अर्थ ठरला की त्याची वसुली मागील तारखेपासून होते. कंपनीजवळ वकील असतात, सरकारजवळ वेळ असतो. घरधन्याजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ असते ते फक्त एक घर. कर कमी-अधिक असला तरी त्याची तयारी माणूस करू शकतो. तो कोणत्या दिवशी, कोणत्या नावाने येईल हे आधी कळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही.